पर्वरीच्या रांगेत अडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल: गाडीचा स्वभाव कुठला, बिघाड कुठला

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यात म्हापसा ते पणजी रोजची ये-जा, ऑटोमॅटिक गाडी, तिला अडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल म्हणजे एसीसी आहे; तो आपण ठरवलेला वेग धरतो आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर आपोआप राखतो. पर्वरीच्या रांगेत तो लावला की गाडी पुढे भरपूर जागा सोडते. त्या जागेत स्कूटर शिरली की कचकन ब्रेक लावते. थांबल्यावर कधी आपणहून सुटते, कधी सुटतच नाही. आणि पुढची गाडी डावीकडे गल्लीत वळली की एकदम उसळी घेते. शोरूममध्ये दाखवलं तर ‘सगळं नॉर्मल आहे’ म्हणतात. खरंच नॉर्मल आहे का?

हो, या चारही गोष्टी स्वभावात मोडतात. बिघाडाची लक्षणं वेगळी असतात, ती पुढे सांगतो. पण स्वभाव आहे म्हणून निर्धास्त राहू नका. चौथी गोष्ट, ती उसळी, धोक्याची आहे आणि ती टाळणं बरंचसं तुमच्या हातात आहे.

सुरुवातीला एक खात्री करून घ्या. बाजारात एसीसी दोन जातींचा मिळतो. एक गाडीला शून्यापर्यंत आणून थांबवतो आणि थांबवून धरतो, त्याला ‘स्टॉप अँड गो’ म्हणतात. दुसरा ताशी २५-३० किमीच्या खाली वेग आला की हात वर करतो. मॅन्युअल गिअरच्या गाड्यांत बहुधा दुसराच असतो, कारण क्लच दाबणं तुमच्याकडे आहे. पण काही ऑटोमॅटिक गाड्यांतही तोच असतो, आणि घोळ तिथे होतो. तो सुटतो तेव्हा एक बीप वाजतो, डिस्प्लेवरचं चिन्ह विझतं, आणि ब्रेक सुटलेली ऑटोमॅटिक गाडी स्वतःच्या क्रीपने, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबताही, पुढे सरकत राहते. गाणी चालू असली तर बीप ऐकूही येत नाही. आपल्या गाडीत कुठला आहे हे रांगेत शिरून तपासायचं नसतं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये एसीसीच्या प्रकरणात कमीत कमी चालू वेग दिलेला असतो, तो वाचा. तुमची गाडी थांबून धरते असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे ती पहिल्या जातीची. पुढचं सगळं तिच्याबद्दल.

एसीसी पाहतो ती फक्त एकच गाडी, तुमच्याच लेनमधली, तुमच्या लगेच पुढची. बंपरमागे किंवा लोगोमागे ७७ गिगाहर्ट्झचं रडार असतं, आरशामागे काचेला कॅमेरा असतो. काही गाड्यांत नुसता कॅमेराच असतो. रडार अंतर आणि वेगातला फरक मोजतं, कॅमेरा समोरची वस्तू काय आहे आणि कुठल्या लेनमध्ये आहे हे ओळखतो. या दोन्हींवरून एक ‘टार्गेट’ ठरतं. डिस्प्लेवर तुमच्या पुढे गाडीचं जे छोटं चित्र उमटतं, ते हेच. रांगेत तुमची नजर अधूनमधून त्या चित्राकडे गेली पाहिजे. ते नाहीसं झालं की तुमच्या गाडीच्या लेखी पुढे रस्ता मोकळा आहे.

अंतराचं गणित साधं आहे: उभं असतानाचं अंतर, अधिक वेग गुणिले सेकंद. उभं असताना गाडी साधारण ३ ते ५ मीटर सोडते. स्टिअरिंगवरच्या बटणाने तुम्ही जी ‘गॅप’ बदलता ती मीटरमध्ये नसते, सेकंदांत असते. जवळची पायरी साधारण एका सेकंदाची, लांबची दोन सेकंदांच्या पुढची. आयएसओ १५६२२ हे एसीसीचं मानक किमान ०.८ सेकंद सांगतं, त्याच्या खाली जायचं नाही. आता ताशी २० किमीचा हिशेब करा. त्या वेगात गाडी सेकंदाला साडेपाच मीटर जाते. उभं असतानाचं अंतर साडेतीन मीटर धरलं तर जवळच्या पायरीवर एकूण ९ मीटर होतात आणि लांबच्या पायरीवर १५-१६ मीटर. वॅगन-आरची लांबी ३.६५ मीटर, स्कूटरची दोन मीटरच्याही आत. म्हणजे सगळ्यात जवळची पायरी लावली तरी पर्वरीच्या हिशेबाने ती मोकळी जागाच.

म्हणून बरेच जण गॅप कमीत कमी करून ठेवतात. माझं मत विरुद्ध आहे. स्कूटर ९ मीटरमध्येही शिरणार आणि १५ मध्येही शिरणार. फरक इतकाच की ९ मीटरमध्ये शिरली तर तुमच्या गाडीला जोरात ब्रेक लावावा लागतो आणि मागची टॅक्सी तुमच्या डिकीपाशी येते. रांगेत शेवटून दुसरी पायरी ठेवा, म्हणजे जवळच्या पायरीच्या एक वर. हायवे मोकळा झाला की आणखी लांब करा.

स्कूटरचा ब्रेक इतका कचकन का लागतो, हे समजून घेण्यासारखं आहे. दुचाकी अरुंद असते आणि तिच्यावरून रडारला परत येणारा प्रतिसाद चारचाकीच्या मानाने खूप क्षीण असतो. ती लेनच्या मधून चालत नाही, कडेकडेने चालते. डावीकडून तिरकी घुसताना अर्धी-अधिक तुमच्या वाटेत आल्याशिवाय गाडी तिला टार्गेट मानत नाही. त्यानंतर ते खरंच टार्गेट आहे की रडारचा नुसता भास, हे ठरवायला तिला अर्धा-पाऊण सेकंद लागतो. तुम्ही ताशी ३० ने जात असाल तर पाऊण सेकंदात सहा मीटर गेले. मग ब्रेक. एसीसीचा ब्रेक मुद्दाम मर्यादित ठेवलेला असतो. साधारण ३.५ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे दर सेकंदाला वेग ताशी साडेबारा किमीने कमी होईल इतका धरला तर ३० वरून शून्यावर यायला आणखी १० मीटर लागतात. एकूण सोळा. स्कूटर पाच मीटरवर शिरली असेल आणि तिनेही ब्रेक दाबला, तर हे गणित जमत नाही. तिथे तुमचा पायच हवा. आणीबाणीचा आपोआप लागणारा ब्रेक ही वेगळी यंत्रणा आहे, एसीसीचा भाग नव्हे. बऱ्याच गाड्यांत ती ताशी ५ ते १० किमीच्या खाली जागीच नसते, म्हणजे रांगेतल्या सरपटीत तिच्यावर भिस्त ठेवू नका.

तुम्ही मात्र त्या स्कूटरवाल्याला आरशातच पाहिलेलं असतं. तो खांदा कसा वळवतो, पुढे बस थांबतेय म्हणून उजवीकडे सरकणार, हे गोव्यात गाडी चालवणाऱ्याला कळतं. रडारला मागचं आणि बाजूचं दिसत नाही. तेव्हा दुचाकी तुमच्या पुढच्या चाकाशी आली की गाडीच्या ब्रेकची वाट न पाहता ब्रेकवर हलका पाय ठेवा. एसीसी सुटेल, सुटू दे. परत लावायला एक बटण पुरतं.

आता थांबणं आणि सुटणं. समोरची कदंब बस स्टॉपवर थांबते तेव्हा क्रम असा असतो: गाडी आधी इंजिनचा जोर कमी करते, मग स्थिरता-नियंत्रणाचा पंप ब्रेकमध्ये दाब भरतो आणि तुमचे ब्रेक लाइट लागतात. शेवटच्या काही मीटरमध्ये दाब थोडा सैल होतो म्हणजे डोकं पुढे जात नाही, आणि गाडी उभी राहिली की दाब धरून ठेवला जातो. बस दोन-तीन सेकंदांत निघाली तर तुमचीही गाडी आपोआप निघते. त्याहून जास्त वेळ गेला की ती थांबूनच राहते आणि ‘बटण किंवा अ‍ॅक्सिलरेटर दाबा’ असा संदेश येतो. ‘कधी सुटते, कधी नाही’ हे तुम्हाला जाणवतं ते यामुळे. ही सीमा बऱ्याच गाड्यांत ३ सेकंदांच्या आसपास असते, काहींत जास्त. काही मिनिटं उभी राहिली, किंवा तुम्ही सीटबेल्ट काढला, दार उघडलं, तर इलेक्ट्रिक हँडब्रेक लागून एसीसी बंद होतो.

ही अडवणूक वाटते, पण कारण रास्त आहे. तुमच्या बंपरपासून पुढच्या गाडीपर्यंत जी साडेतीन मीटर जागा आहे, तिच्यातून माणसं रस्ता ओलांडतात, आणि एखादी स्कूटर तुमच्या डाव्या हेडलाइटला तिरकी टेकून उभी राहते. इतक्या जवळ, इतक्या कोपऱ्यात रडार आणि कॅमेऱ्याची नजर पोचत नाही. पुढची कार दिसतेय, ती निघाली, म्हणजे निघायचं, एवढंच गाडीला समजतं. म्हणून रिझ्यूम, म्हणजे एसीसी परत चालू करणारं बटण, दाबण्याआधी दोन्ही कोपरे बघायचे. आणि तीन सेकंदांच्या आतली थांबणी तर जास्त जोखमीची, कारण तिथे गाडी तुम्हाला विचारतही नाही. दुचाकींनी घेरलेली रांग असेल तर थांबल्याबरोबर एसीसी रद्द करून पाय ब्रेकवर ठेवावा, हे मी आग्रहाने सांगतो.

आता उसळी. तुम्ही सकाळी गिरीला ताशी ८० वर एसीसी लावला. पुढे रांगेत गाडी १५ ने सरकतेय, पण तिच्या डोक्यात अजून ८० आहेत. पुढची गाडी वळली, टार्गेट गेलं, की ती ८० कडे निघते. दर सेकंदाला दीड मीटर प्रति सेकंद इतका वेग वाढला, आणि हे अगदी सौम्य प्रवेग धरून, तर १५ चे तीन सेकंदांत ३१ होतात, सहा सेकंदांत ४७, आणि त्या सहा सेकंदांत गाडी पन्नासेक मीटर जाते. तेवढ्या अंतरावर पुढची रांग उभी असते. रांगेत शिरताच ठरवलेला वेग ३०-४० वर आणा. बहुतेक गाड्यांत ३० हा सर्वांत कमी आकडा असतो. मग टार्गेट गेलं तरी गाडी तिथेच थबकते आणि ब्रेकला तुम्हाला वेळ मिळतो. ब्रेक दाबून एसीसी सुटला आणि नंतर रिझ्यूम दाबलं, तर जुनाच आकडा परत येतो, हेही ध्यानात असू द्या. वळवलेल्या रस्त्यांवर, उड्डाणपुलाच्या कामासाठी बॅरिकेड लावून जिथे नागमोडी वाट केली आहे तिथे, हे वळण न घेताही घडतं: पुढची गाडी कोनातून बाहेर गेली की टार्गेट हरवतं. अशा पट्ट्यात मी एसीसी लावूच नये म्हणेन.

याच्याशी जोडलेली आणखी गंभीर गोष्ट म्हणजे आधीपासून उभी असलेली वाहनं. तुम्ही ताशी ६० ने जाताय तेव्हा रस्त्याकडेचा खांब, दिशादर्शक पाटी, पुलाचा लोखंडी सांधा हे सगळं रडारला ताशी ६० ने अंगावर येताना दिसतं. उभी बसही तशीच दिसते. प्रत्येकासाठी ब्रेक लावला तर गाडी चालवणं अशक्य होईल, म्हणून उभ्या वस्तूंचे प्रतिसाद बरेचसे गाळले जातात. जी गाडी रडारने चालताना पाहिली आणि मग ती थांबली, तिचा माग सुटत नाही. तुमची रोजची रांग याच कारणाने व्यवस्थित हाताळली जाते. पण पुढची गाडी शेवटच्या क्षणी लेन बदलते आणि तिच्यामागे लपलेला बंद पडलेला ट्रक उघडा पडतो, तो गाडीने कधीच चालताना पाहिलेला नसतो. नव्या गाड्यांत कॅमेऱ्याच्या मदतीने हे सुधारलंय, तरी मॅन्युअलमध्ये इशारा असतोच. ताशी ८० वरून एसीसीच्या ३.५ च्या ब्रेकने थांबायला ७० मीटर लागतात, तेही गाडीने वेळेत ओळखलं तर. नव्या झुआरी पुलावरून कुठ्ठाळीकडे उतरताना किंवा धारगळच्या बाजूने म्हापशाकडे येताना रांगेचं शेपूट दिसलं, की पहिला ब्रेक तुमचा. गाडी थांबतेय का हे पाहण्यात सेकंद घालवायचे नाहीत. रस्त्यात बसलेल्या गुरांबाबतही तेच. पावसाळ्यात रात्री ती डांबरावरच येऊन बसतात, आणि जनावर ओळखणं हे एसीसीचं काम नाही. स्पीडब्रेकरही त्याला कळत नाही.

डिचोली-सांखळीकडच्या टिप्परमागे जास्त अंतर ठेवा. त्यांची बॉडी उंच असते, रडारची नजर तिच्या खालून जाऊन मागच्या एक्सलवर लागते. गाडी एक्सलपासून मोजून थांबते आणि बॉडीची कड तुमच्या बॉनेटच्या बरीच जवळ येते. बाहेर काढलेल्या सळया वाहणाऱ्या गाड्यांमागे तर एसीसी बंदच.

पाय कुठे ठेवायचा, याबद्दल एक. एसीसी चालू असताना अ‍ॅक्सिलरेटरवर पाय टेकवून ठेवण्याची सवय घातक आहे. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तुमचा हुकूम वरचढ ठरतो आणि तोवर एसीसी ब्रेक लावत नाही. टाच ब्रेकच्या खाली टेकवा, पंजा ब्रेकच्या समोर.

गिअरबॉक्स कुठला, यावर रांगेतला अनुभव बराच बदलतो. टॉर्क कन्व्हर्टर (तेलातून जोर पोचवणारा ऑटोमॅटिक), हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्या सरपटीत मऊ चालतात. ड्राय क्लचची ड्युअल क्लच गाडी, म्हणजे तेलात न बुडवलेल्या दोन क्लचची, असेल तर एसीसी तिला जरा जास्त कष्टवतो. पुढची गाडी दोन मीटर सरकली की तो लगेच दोन मीटर सरकतो, प्रत्येक वेळी क्लच अर्धवट घसरतो आणि तापतो. चढावर, भर उन्हात, क्लच तापल्याचा इशारा यायचा तो अशा वेळी. तिथे हाताने चालवा, पुढे दहा-बारा मीटर जागा होऊ द्या आणि एका दमात निघा.

एसीसीमुळे रांगच कमी होते असा समज आहे, तो आजच्या गाड्यांपुरता तरी खरा नाही. नागोया विद्यापीठाच्या संशोधकांच्या गटाने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या सारख्या वेगाने चालवायला सांगितल्या होत्या. काही अडथळा नसताना त्यांत थांबा-निघाची लाट तयार झाली आणि ती मागे मागे सरकत गेली. एकाने किंचित ब्रेक दाबला, मागच्याने थोडा जास्त, त्याच्या मागच्याने आणखी जास्त. अमेरिकेत बाजारातल्या सात मॉडेलांचे एसीसी याच दृष्टीने तपासले, त्याचे निष्कर्ष २०२० च्या सुमारास आले, आणि सातही मॉडेलं पुढून आलेला धक्का मागे वाढवून देतात असं दिसलं. एसीसीला पुढची एकच गाडी दिसते. तुम्हाला काचांतून चौथ्या गाडीचे ब्रेक लाइट दिसतात. ते लागलेले दिसले की ठरवलेला वेग दोन-चार पायऱ्या खाली आणा. मागच्या सगळ्यांना त्याचा फायदा होतो.

पावसाळा. धुवांधार सरीत रडारपेक्षा कॅमेरा लवकर हरतो. रडारला त्रास होतो तो बंपरवर साचलेल्या पाण्याच्या थराचा आणि लाल चिखलाचा. ‘सेन्सर झाकला आहे’ असा संदेश आला तर मऊ ओल्या फडक्याने पुसा, प्रेशर वॉशरचा फवारा त्यावर जवळून मारू नका. रस्ता किती निसरडा आहे हे एसीसीला कळत नाही, तो कोरड्या रस्त्याच्याच हिशेबाने अंतर धरतो. तेव्हा जोराच्या पावसात तो बंद ठेवावा. कॅमेऱ्यासमोरची काच आतून धुकटते, एसीचा झोत काचेवर वळवला की पाच मिनिटांत साफ होते.

दसऱ्याला गाडीची पूजा करून झेंडूचा हार पुढे बांधतात. तो अवश्य बांधा, पण रडारच्या झाकणावर लोंबू देऊ नका. ओल्या फुलांतलं पाणी रडारचे तरंग शोषून घेतं. नंबर प्लेटची जाड फ्रेम, बंपरवरचे धातूच्या चकाकीचे स्टिकर आणि रंगकाम करताना भरलेली जाड पुट्टी यांचाही रडारला अडथळा होतो.

मग बिघाड कशाला म्हणायचं? सरळ रस्त्यावर शेजारच्या लेनमधल्या गाडीसाठी वारंवार ब्रेक लागत असेल, स्वच्छ कोरड्या दिवशीही ‘सेन्सर झाकला’ येत असेल, किंवा तुमच्या लेनमधल्या मोठ्या गाडीला टार्गेट म्हणून धरायला पूर्वीपेक्षा उशीर होत असेल, तर रडारची दिशा बिघडली असण्याची शक्यता मोठी आहे. एक अंश चूक झाली तर ६० मीटरवर एक मीटरचा आणि १०० मीटरवर पावणेदोन मीटरचा फरक पडतो. साडेतीन मीटरच्या लेनमध्ये पावणेदोन मीटर म्हणजे अर्धी लेन. पार्किंगमध्ये बंपरला बसलेला बारीक धक्का एवढ्याला पुरतो, बाहेरून ओरखडाही दिसत नाही. पुढची काच बदलली असेल तर कॅमेऱ्याचं, बंपर काढला-बसवला असेल तर रडारचं कॅलिब्रेशन, म्हणजे दिशेची नव्याने जुळणी, झालंच पाहिजे. बिलावर ते वेगळं लिहिलेलं नसेल तर बहुधा झालेलं नाही.

एसीसी मला स्वतःला कुठे उपयोगी वाटतो विचाराल, तर जिथे लेन टिकते तिथे. पणजीच्या अटल सेतूवर दुचाकी-तिचाकींना बंदी आहे, त्यामुळे तिथली संथ रांग तो सुरेख सांभाळतो. झुआरी पुलावर प्रत्येक बाजूला चार लेन आहेत, तिथेही. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, कळंगुट-कांदोळीचा रस्ता, बाणस्तारीपासून पुढचे अरुंद पट्टे इथे त्याची उठाठेव नको.

कॅलिब्रेशनला गाडी नेताना डिकी रिकामी करा. मागे वजन असलं की नाक वर उचलतं आणि रडार आभाळाकडे बघू लागतं. चारही टायरमध्ये दारावरच्या पट्टीत दिलेली हवा भरा. काम सपाट फरशीवर, टार्गेट बोर्ड लावून होतंय का, की रस्त्यावर चालवून, हे विचारा. कंपनीनुसार दोन्हीपैकी एक किंवा दोन्ही लागतात. आणि आधीचा व नंतरचा कोन दाखवणारा स्कॅनरचा प्रिंटआउट मागून घ्या.